कुंतामायच्या कानातला चुना

चुनकळी पाण्यात टाकली की आधी काहीच होत नाही. दगड गार पडून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मेलाय हा. मग एक बुडबुडा येतो, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खं मडकं खदखदायला लागतं. विस्तवाशिवाय उकळणारी ही एकच गोष्ट मला माहीत आहे. मार्गशीर्षातली अमावस्या चार दिवसांवर आली की मी परसात बसून चुना स्वतःच्या हातानं विरवतो. मुलगा म्हणतो, बाबा, बाजारात पांढऱ्या रंगाचे तयार डबे मिळतात, या वयात डोळ्यांत उडवून घ्याल. त्याचं बरोबरच आहे. पण मी ऐकत नाही. उडाला तर उडाला.

या अमावस्येला आमच्या भागात येळवस म्हणतात. ज्वारी तेव्हा पोटऱ्यातून बाहेर पडून निसवत असते. सकाळी रानात शिरलं की दवानं धोतर मांडीपर्यंत भिजतं, करडईचे काटे पोटऱ्या ओरबाडतात आणि हरभऱ्याची आंब बोटांना चिकटून राहते. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, त्यांना चुन्यानं पांढरं करून वर तांबडी काव ओढायची. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन पिकाभोवती फिरायचं, ज्वारीच्या डहाळीनं आंबील शिंपडायची आणि ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ असं घसा फुटेस्तोवर ओरडायचं. त्याचा अर्थ मला अजून कुणी नीट सांगितलेला नाही आणि मी विचारतही नाही. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळं गाव रानात जेवतं, शेंगा-भाज्यांची भज्जी अन् बाजरीचे उंडे, आणि परका दिसला तर त्यालाही ओढून बसवतं.

आमच्या रानात दगड पाच नव्हते, सहा होते. सहावी कुंतामाय. बारवेच्या कडेला लिंबाखाली ती जमिनीतच रोवलेली होती, माणसाच्या छातीएवढी उंच. वर्षानुवर्षांच्या चुन्यानं तिला ना नाक उरलं होतं, ना डोळे. उभ्या गाठोड्यासारखी दिसायची. आणि तिचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्या गावात ऐकला नाही. कुंतामायला सवाष्णीनं हात लावायचा नाही. पंडू राजा गेल्यावर ती पांढरी झाली, म्हणून तिला चुना लावायचा तो नवरा गेलेल्या बाईनंच. काव नाही, कुंकू नाही, नुसता चुना. आमच्या घरात तो मान गयाआत्याचा होता.

गयाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली ती कायमची. आमचं घर वतनाचं, शे-दीडशे एकर काळी जमीन, दारात आठ बैल. अशा घरात रीतभात जरा जास्तच कडक असते. पेरणीला बी मोघडायला आत्याचा हात चालत नसे, नव्या नवरीला तिनं समोरून येऊ नये, आरसा होता तो सवाष्णींच्या खोलीत. खुरपणीला, मळणीला, दुखण्याखुपण्यात शेण-पाणी काढायला मात्र तिच्याइतका पवित्र हात दुसरा नव्हता. हे सगळं मी तेव्हा रोज बघत होतो आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आज लिहिताना माझाच मला राग येतो.

वर्षातून एक दिवस मात्र सगळे आत्यासाठी थांबत. ती मडकं घेऊन लिंबाखाली बसे, पदर खोचून, अंगडीच्या चिंधीनं चुना लावत राही, आणि लावता लावता कुंतामायशी बोले. काय बोले ते ऐकायला कुणी जवळ जात नसे. तिचं झाल्याशिवाय पांडवांची पूजा सुरू होत नसे. माझे वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं आणि आम्हीही दादाच म्हणायचो, तेसुद्धा पागोटं मांडीवर घेऊन गुमान बसून राहत.

निजामाचं राज्य होतं आणि आमचं गाव जहागिरीतलं. जहागीरदार शहरात राहत. त्यांना जुन्या वस्तूंचा भारी शौक. एका वर्षी भादव्यात त्यांचा नायब आला, बरोबर चष्मेवाला एक जाणकार. त्या जाणकारानं कुंतामायवर छोट्या हातोडीनं टकटक केलं. चुन्याचा पापुद्रा गळून पडला आणि आतून काळं कुळकुळीत बोट दिसलं, अंगठीसकट. “वाह!” असं तो ओरडला. दुसऱ्या दिवशी पहारी आणि आठ बैलांची गाडी आली. दादांनी नायबाच्या गळ्यात हार घातला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! मी त्या वेळी गावच्या शाळेवर नुकताच मास्तर लागलो होतो. नायबाचे कागद मीच वाचून दाखवले.

आत्या तेव्हा पलीकडच्या शिवारात खुरपायला गेली होती. आली तो लिंबाखाली खड्डा. कडेला चुन्याचे पांढरे तुकडे आणि चिखलात चाकोऱ्या. ती रडली नाही. खड्ड्याच्या काठाशी बसली आणि चंची काढून तंबाखू मळत राहिली. त्या वर्षीच्या येळवशीला पाच दगड पांढरे झाले, पूजा वेळेवर झाली, कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही. आत्या कोपीमागं भांडी घासत होती. मी हाक मारली तर म्हणाली, “मला आता काय काम राह्यलंय, बापू? हितं माझी वाट बघनारं कुनी न्हाई.”

पुढचं वर्ष उजाडलं. ज्वारी निसवली. येळवशीच्या आधी सहा दिवस आत्या दादांना म्हणाली, “वैजनाथाला जाऊन येते. बापूला संगं नेते.” दादांनी मान हलवली. आम्ही बैलगाडीनं परळीला आलो. देवळाच्या पायरीवर तिनं डोकं टेकलं, उठली, आणि गाडीकडं न जाता ठेसनाकडं चालायला लागली. परळीला तेव्हा रेल्वे नवी नवी आली होती.

“आत्या, हिकडं कुठं?”

“शहराला. कुंतामायला चुना लावायचाय.”

“दादांना काय सांगू?”

“काय बी सांगू नगं. सांगायला तू ऱ्हातोस कुठं? तू तर माझ्यासंगं येतोस.”

लबाडी तिनं उभ्या जन्मात एवढी एकच केली. तीही देवाचं दर्शन खरंच घेऊन. मी चरफडत, घाबरत तिच्या मागं डब्यात चढलो. तिच्या कमरेला चंची होती, चंचीत चुन्याची डबी काठोकाठ भरलेली, आणि पदराच्या गाठीत ज्वारीची दोन हिरवी कणसं.

जहागीरदारांची हवेली शहराबाहेर एका टेकाडावर होती. गोळा केलेल्या वस्तू त्यांनी तिथंच मांडल्या होत्या आणि आठवड्यातून एक दिवस ती सगळ्यांना बघायला खुली असे. अजायबखाना म्हणत तिला. मी आयुष्यात तेवढी देखणी इमारत पहिल्यांदाच बघत होतो. दोन्ही अंगांना कमानींची रांग, मधे घुमट, खिडक्यांना रंगीत काचा. त्यांतून ऊन आत आलं की फरशीवर लाल-निळे तुकडे पडत आणि ढग आला की विझून जात. खांब असे गुळगुळीत की हात लावला तर सरकावा. मी दबलो. खरं सांगतो, मला माझ्या धोतराची लाज वाटली. आत्यानं वहाणा फाटकातच काढल्या होत्या. बाकीचे लोक जोडे घालून फिरत होते आणि ही अनवाणी. मी हळूच म्हणालो, “आत्या, हे देऊळ नाही. वहाणा घातल्या तरी चालतं.”

“मला न्हाई चालत,” ती म्हणाली.

मी तिला खांब दाखवला. “संगमरवर आहे. एका खांबाला किती मेहनत असंल!” तिनं खांबाच्या खालच्या कोपऱ्यात नख लावलं. पांढरी भुकटी निघाली. ती तिनं जिभेला लावून बघितली आणि हसली. “चुना हाय रं. घोटलाय चांगला. लई घोटलाय.” मी चपापलो. ती बरोबर होती. घुमट, कमानी, वेलबुट्टी, सगळी हवेली आतबाहेर घोटीव चुन्याची होती. आमच्या दगडावरचा चुना म्हणे अडाणीपणा, तो खरवडून काढायचा. आणि ज्या भिंतीआड तो दगड आणून ठेवायचा ती भिंत मात्र चुन्याचीच. हे कोडं मला तेव्हा बोलून दाखवता आलं नाही. आज दाखवतो.

हवेलीच्या मागं बाग होती. मधोमध लांब हौद, त्यात कारंजी, दोन्ही कडांना कातरलेली हिरवळ आणि हिरवळीवर ठरावीक अंतरावर चौथरे. चौथऱ्यांवर मूर्ती उभ्या. कुठल्या कुठल्या गावांतून आणलेल्या, पाण्यात प्रतिबिंबं पडतील अशा बेतानं मांडलेल्या. जागा सुंदर होती, यात शंका नाही. जिथं जे चांगलं दिसलं तिथं ते चांगलं म्हणायला मी कचरत नाही. आत्यानं हिरवळीवर पाय ठेवला, वाकून गवताला हात लावला आणि म्हणाली, “येवढं रान, येवढं पानी, अन् येक कनीस न्हाई.”

आम्ही एक एक मूर्ती बघत चाललो. ती पांढरं गाठोडं शोधत होती. मी पाट्या वाचत होतो. मोमिनाबादेच्या शाळेत उर्दूतून शिकल्याचा तेवढाच उपयोग. हौदाच्या टोकाशी पाटी सापडली. आमच्या परगण्याचं नाव होतं. ‘रक्कासा. काला पत्थर. वीराने से दस्तयाब.’

मी वर बघितलं. काळी बाई उभी होती. कमरेत किंचित लवलेली. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, दंडाला वाक्या, गळ्यात अनेक पदरी हार, कमरेला घुंगरांची साखळी, पायांत तोडे. एका हातात आरसा. चेहरा इतका ताजा की पाथरवट नुकताच छिन्नी ठेवून जेवायला गेला असावा.

“काय लिव्हलंय?” आत्यानं विचारलं.

“नाचणारी बाई. ओसाड जागेत सापडली.”

“वसाड?” तिचा आवाज चढला. “आपलं रान वसाड? तीस वर्सं मी तितं चुना लावलाय, अन् वसाड?” आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. माझ्या खिशात पेन्सिल होती. ‘वीराने’ खोडून त्या जागी गावाचं नाव लिहायला किती वेळ लागला असता? मी लिहिलं नाही. ती पेन्सिल मला अजून टोचते.

आत्या मूर्तीकडं बघत राहिली. “ही न्हाई,” ती म्हणाली. “आपली कुंतामाय अशी नव्हं. ती माझ्यासारखी. ही तर नटल्याली.” तिचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन, खोटं बोलून, ती चुकीच्या दारात उभी होती.  मग तिनं एकदम हात पुढं केला आणि मूर्तीच्या खांद्यावरून मागं मानेकडं नेला, जसा आंधळा माणूस ओळखीच्या घरात भिंत चाचपतो.

“ए माँ! हात नक्को लगाओ!” लांबून पहारेकरी ओरडला.

मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. पहारेकरी पोचायच्या आधी मी ओढलं. मोकळं, नागडं मनगट होतं ते. “आत्या, हात लावायचा नाही इथं.”

“कावून?” तिनं झटका देऊन हात सोडवला. “ह्यो हात सोडून हिला दुसऱ्या कुनाचा हात ठावंच न्हाई. हिच्या मानंमागं खळगा हाय. दर वर्साला माझं बोट तितं अडकायचं. हिकडं बघ, बापू. कानात बघ.”

मी बघितलं. डाव्या कानात मोठं गोल कुंडल होतं, आणि कुंडलामागच्या फटीत चुन्याचा खडा घट्ट बसलेला. आमचा चुना. वर्षावर वर्ष चढत गेलेला, थरावर थर.

पहारेकरी आला. म्हातारा होता, दाढी मेंदीनं लाल. “तुम्हारे गाँव की है क्या माँ? वो कान का चुना साहेब लोगां ब्रश ला को निकालते थे. निकलताच नै.”

आत्यानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ती आता मूर्तीकडं नव्यानं बघत होती, पायांपासून वर. तोडे. साखळी. हार. बांगड्या तिनं एक एक करून बघितल्या. मग आरसा.  हौदातलं कारंजं वाऱ्यानं आमच्या अंगावर उडत होतं. मला वाटलं, आता ही मोडून पडणार. तीस वर्षं जिला आपल्यासारखी समजून पांढरी केली, ती आत अशी! दुसरी कुणी असती तर फसवल्यासारखं वाटलं असतं.

आत्या हसायला लागली. आधी ओठांत, मग पदर तोंडाला लावून. “नाचती कुठं ही? तुझा तो कागुद येडा हाय. ही तोंड बघती आरशात. आमी बी येडे. हिला रांडमुंड समजून येवढं लिपीत बसलो, अन् ही माय आतमंदी सारं घालून उभी. कुनाला न इचारता.”

मग तिनं चंची काढली. मला वाटलं, आता डबी उघडणार आणि या झळझळीत काळ्या अंगावर चुना फासणार, आणि आम्ही दोघं कोठडीत जाणार. तिनं चंचीला लटकवलेलं पितळी कानकोरणं सोडवलं. टाचा उंचावून, डाव्या हातानं मूर्तीची हनुवटी धरून, तिनं कुंतामायचा कान कोरायला सुरुवात केली. लेकराचा कोरावा तसा. पहारेकरी पाठ फिरवून हौदाकडं बघत उभा राहिला. खडा सुटला. आत्यानं तो चुन्याच्या डबीत टाकला, पदरानं कुंडल पुसलं, ज्वारीची दोन कणसं पायाशी ठेवली.

“झालं,” ती म्हणाली. “आता चल. बाजार दाव मला.”

आता जरा भांडून घेतो. लोक म्हणतात, बरं झालं नेली ती मूर्ती, तुमच्याकडं असती तर चुन्यानं वाटोळं झालं असतं. अहो, नाक, डोळे, बोटांच्या अंगठ्या इतक्या कोऱ्या कशा राहिल्या? ऊन, पाऊस, गुरांची शिंगं, सगळं त्या चुन्यानं अंगावर घेतलं. आम्हाला ती कोण हे ठाऊक नव्हतं, कबूल. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? आम्ही तिला आई म्हणालो, त्यांनी नाचणारी म्हटलं. आम्ही निदान तिच्यासाठी थांबत होतो.

आणि तरीही तो चुना मला आता साजरा वाटत नाही. चुन्यानं दगड जपला हे खरं. आत्यावर आम्ही जो चुना लावत आलो, त्यानं काय जपलं? हा प्रश्न मला हौदाकाठी पडला नव्हता. घरी आल्यावर पडला.

बाजारात बांगड्यांची दुकानं ओळीनं होती. लाखेच्या बांगड्या, बारीक आरशांचे तुकडे जडवलेल्या. आत्या एका दुकानापुढं बसली. कासारानं विचारलं, “किसके वास्ते?”

“माझ्याच.”

त्यानं तिच्या कपाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. “माप?” तो म्हणाला.  तिच्या बांगड्या फुटल्या तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आपल्या हाताचं माप काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, “तूच बघ बाबा.” खुरप्याच्या घट्ट्यांवरून बांगडी चढेना. कासारानं तेल लावलं, बोटं दाबली, हळूहळू चढवली. प्रत्येक हातात दोन. मला बरं वाटत होतं, आणि मनात दादांची भीतीही होतीच. दोन्ही खरं.

येळवशीच्या सकाळी आम्ही थेट रानात उतरलो. ज्वारीवर दव होतं. दादांनी लांबूनच आवाज ऐकला.

“गये, काय हाय त्ये हातात?”

“बांगड्या हायेत, दादा.”

“काढ.”

“न्हाई काढत. लई येळ लागला चढवायला.”

 दादांच्या कपाळाची शीर उडत होती. ते म्हणाले, ती बिंदग्याला शिवली तर मी जेवणार नाही. आत्यानं बिंदगं उचललं, डोक्यावर ठेवलं, ज्वारीत शिरली. ‘ओलगे ओलगे!’ ती एकटीच ओरडली. कुणी साथ दिली नाही. मीही नाही. दांडाच्या पलीकडं ज्वारीच्या ताटांत ती दिसेनाशी झाली, पण बांगड्यांचा आवाज येत राहिला, शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं आत्याच्या हातात त्याच बांगड्या होत्या. लाखेचे टवके उडाले, आरसे गळाले, एक पिचली ती तिनं सुतळीनं बांधली. निजाम गेला, जहागीर गेली, दादा गेले. लोक बोलायचे ते बोलत राहिले. ती तंबाखू मळत ऐकत राहिली.

ती गेली ती याच दिवसांत, ज्वारी निसवताना. आंघोळ घालायला भावकीतल्या बाया जमल्या. एक म्हातारी म्हणाली, “बापू, त्या बांगड्या उतरवाव्या लागत्याल. नवरा न्हाई तिला. तशी न्हेता येत न्हाई.” दुसरीनं मनगट धरलंही. तेच मनगट, जे मी हौदाच्या काठी धरून ओढलं होतं.

माझ्या तोंडून मराठी निघालंच नाही. “हात नक्को लगाओ!” मी ओरडलो, त्या लाल दाढीच्या पहारेकऱ्यासारखा. बाया दचकून मागं सरल्या. मी आत्याच्या उशाशी जाऊन उभा राहिलो, आणि आंघोळ होईस्तोवर तिथून हललो नाही.

आत्याला आम्ही बांगड्यांसकट नेलं.